डेलमिराची वही

“पोरी, हा फोन मला दारातच अडवतोय. सांग त्याला मी कोण ते.”

काखेत ‘माते’ या कडवट चहाचा थर्मास दाबून म्हातारा ओलेगारियो दवाखान्याच्या खिडकीशी उभा होता. ग्रासियानाने चष्मा वर सारून फोन हातात घेतला. पडद्यावर दोन रिकामे चौकोन होते, एक सदस्याच्या नावाचा आणि एक पासवर्डचा. कालच तिने बसवलेले.

दुरास्नो शहराजवळच्या या छोट्या गावातल्या सहकारी दवाखान्याची वेबसाइट ग्रासियाना एकोणीस वर्षं एकटी सांभाळत होती. बाई कामात चोख, पण परवाच्या तपासणीत तिचीच चूक तिच्या पदरात पडली. रुग्णांच्या यादीला तिने लॉगिन लावलं होतं. यादीतल्या एकेका रुग्णाच्या पानाला लावायचं राहून गेलं होतं. ज्याच्याकडे पानाचा पत्ता, तो थेट आत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर जागची न हलता तिने एकूण एक पान बंद केलं.

“कुठलं पान बघत होतात, काका?”

“डेलमिराचं. रक्तदाबाच्या वहीचं.”

डेलमिरा त्याची बायको, मार्चमध्ये गेलेली. रोज घरी रक्तदाब मोजायचा, वेबसाइटवरच्या या वहीत भरायचा आणि खाली नर्ससाठी दोन ओळी लिहायच्या, अशी इथली पद्धत. बहुतेक लोक ‘बरं आहे’ एवढं लिहून मोकळे होत. डेलमिरा मात्र नवऱ्याची गाऱ्हाणी मांडायची.

“तिनेच पाठवला होता पत्ता. म्हणाली, वाच तुझे प्रताप! तेव्हा कोण वाचतंय? आता रोज सकाळी एकेक दिवस वाचतो. काल ‘हा रात्रभर घोरला, दाब वाढणारच’ इथवर आलोय.” तो हसला. “अजून पुष्कळ बोलणी खायची राहिलीत, पोरी.”

ग्रासियानाला भरून आलं. तिच्या एका चुकीवर या माणसाची रोजची सकाळ निघत होती. सगळ्या किल्ल्या तिच्याच हातात. एवढं एक पान उघडं ठेवलं तर कोणाला कळणार होतं? पण तिच्याने ते होईना.

“काका, खरं सांगते. ते पान उघडं राहिलं ही माझी चूक. पत्ता हाती लागता तर कोणीही वाचलं असतं.”

“कोणीही? म्हणजे आमच्या समोरची एर्मेलिंडासुद्धा?”

“तीसुद्धा.”

म्हाताऱ्याचं हसू मावळलं.

“शेवटी शेवटी डेलमिराला अंघोळ मी घालायचो,” तो हळूच म्हणाला. “तेही लिहिलं असणार तिने. फार लाजायची गं.”

“नवरा म्हणून अर्ज केलात तर तुम्हाला वहीची नक्कल मिळेल. संचालकांची सही झाली की मी स्वतः छापून देते. आठ-दहा दिवस लागतील.”

“मग थांबतो की. पण ते दार नीट लागलंय ना, बघ आधी.”

ग्रासियानाने त्याच्यासमोरच पानाचा पत्ता टाकला. चौकोन आले. तिने कसलंतरी नाव आणि पासवर्ड टाइप केला. प्रवेश नाकारला गेला.

“पुन्हा कर.”

तिने पुन्हा केलं. मग त्याने थर्मास खाली ठेवला, खिडकीतून हात आत घातला आणि एका बोटाने अक्षरं शोधत स्वतःचं नाव टाइप केलं. प्रवेश नाकारला गेला.

“छान,” ओलेगारियो म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि अर्ज लिहायला पेन मागितलं.