मैनेच्या तोबऱ्यात काय होते?

मित्रांनो, मी एक जुना तोबरा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. घोड्याच्या तोंडाला दाण्याची जी पिशवी बांधतात, ती म्हणजे मी. माझा पट्टा कानांमागून जातो, घोड्याचे तोंड माझ्यात राहते आणि तो उभ्या उभ्या आपला हरभरा खातो. दाणा सांडत नाही आणि दुसऱ्या जनावराला चोरता येत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याला कारण आहे. तोबरा होण्यापूर्वी मी तंबू होतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मला औसा तालुक्यातल्या एका गावाबाहेर ठोकले होते. माझ्याखाली एक कुटुंब झोपत असे. खरे तर झोपत नसेच. कोणी ना कोणी जमिनीला कान लावून पडलेले असे. रस्त्याने ट्रक गेला तरी सगळे बाहेर पळत. भिंतीवर त्यांचा भरवसा नव्हता, छतावर नव्हता, पायांखालच्या भुईवरही नव्हता. अशा माणसांवर दोन पावसाळे छाया धरल्यावर तो संशय माझ्याही धाग्याधाग्यात उतरला. पुढे त्यांना पक्की घरे मिळाली. माझे तुकडे झाले आणि त्यातला एक लातूरच्या जुन्या बाजारात ताडपत्र्यांच्या ढिगात येऊन पडला.

तिथून मला बेगमबीने उचलले. तिचा नवरा वाजिद टांगा चालवत असे. बेगमबीने मला दुहेरी दोऱ्याने शिवले आणि बुडाशी बारीक भोके ठेवली. तहानलेला घोडा कधी कधी तोबऱ्यासकट पाण्यात तोंड घालतो. पाणी आत साचले तर तो गुदमरतो, म्हणून ही भोके हवीत. मी शिवला जात होतो तेव्हा बाई एवढा विचार करते आहे हे पाहून मला प्रथमच कोणाबद्दल थोडा विश्वास वाटला.

त्याच हिवाळ्यात वाजिदने लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेतून मैना आणली. रंगाने लाल, कपाळावर पांढरा ठिपका. मला पहिल्यांदा तोंडाला लावले तेव्हा तिने माझ्यात जोरात फुंकर मारली, मान झटकली आणि सकाळपर्यंत दाण्याला तोंड लावले नाही. मला ती आवडली. चटकन विश्वास न ठेवणाऱ्या दोघांचे एकदा जमले की नीट जमते. पुढे चार वर्षे तिने माझ्यातूनच खाल्ले. टांग्यांच्या अड्ड्यावर लोक म्हणत, "तोबरा असावा तर मैनेच्या तोबऱ्यासारखा!" ते ऐकून मी फुगत असे. अर्थात, स्तुती करणाऱ्यांना माझ्यासारखा तोबरा फुकट हवा असेल, हाही विचार मनात येई.

त्या वर्षांत लातूर बदलत होते. गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या लागल्या. नांदेड, किनवट, धर्माबादहून मुले-मुली बारावीसाठी येऊन राहू लागली. चौकात गुण मिळवलेल्यांचे फोटो झळकू लागले. रिक्षा वाढल्या, टांगे घटले. तरी एका वसतिगृहातल्या सहा मुलींनी मैनेचाच टांगा लावला होता. सकाळी आणि दुपारी, क्लासला जायला-यायला. टांग्यात त्या गुडघ्याला गुडघा लावून बसत, पण वही उघडताना तिची पाने हाताने झाकत. एकीने विचारले, "तुझा तो धडा झाला का गं?" तर दुसरी म्हणे, "कुठला? मी तर अजून हातच लावला नाही." ती रात्रभर तोच धडा वाचत बसली होती, हे तिच्या डोळ्यांवरून मलाही कळत असे.

आता त्यातल्याच एका डिसेंबरची गोष्ट. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी पंढरी आला. पंढरी वाजिदचा जुना सोबती. दोघांचे टांगे अड्ड्यावर शेजारी शेजारी उभे राहत. मग पंढरीने घोडा विकला आणि रिक्षा घेतली. त्या दिवशी त्याच्या हातात ओल्या फडक्यात बांधलेला भिजका हरभरा होता.

"घे, नव्या वर्षाची भेट," तो म्हणाला. "तुला न्हाई, मैनेला."

वाजिद हसला. "बायकोला कधी काही दिलं न्हाईस, अन् माझ्या घोडीला देतोस?"

"बायको लाथा झाडत न्हाई ना."

"विचारू का उद्या भाभीला?" बेगमबी चुलीपासून ओरडली.

"विचारू नको बाई, माझा जीव जाईल!"

सगळे हसले. वाजिद म्हणाला, "मी बी एक ठरवलंय. नव्या सालात चाबूक हातात घ्यायचा न्हाई."

"मग टांगा काय तू वढणार?" पंढरीने मैनेची मान थोपटली. मग सहज म्हटल्यासारखा म्हणाला, "त्यापरीस घोडी वीक अन् रिक्षा घे. त्या पोरी तरी किती दिस टांग्यात बसणार हायत? उद्या माझ्याच रिक्षात येतील."

वाजिदचे हसू थांबले. मीही कान टवकारले. हसत हसत दिलेल्या भेटीच्या मागून असे वाक्य आले, की मी सावध होतो.

सकाळी तो हरभरा माझ्यातच ओतला गेला. मी त्याचा वास नीट घेतला. हरभऱ्याशिवाय कसलाच वास नव्हता. मैनेने तो संपवला. मग बेगमबीने मला धुऊन भिंतीवर वाळत टाकले आणि मैना माझ्याशिवाय मुलींना घेऊन क्लासला गेली. त्या सकाळी तिथे काय झाले, ते म्हणूनच मी पाहिले नाही.

दुपारी मैना घरी आली, तीच मान खाली घालून. पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. वळून वळून पोटाकडे पाहू लागली. मग घामाने भिजली आणि धपकन आडवी होऊन लोळू लागली.

"नजर लगी जी इसको," बेगमबी म्हणाली आणि मिरच्या आणायला धावली.

वाजिद मात्र भिंतीकडे आला. त्याने मला ओढून उलटे केले. माझ्या शिवणी नखांनी ओरबाडल्या, वास घेतला, एक चुकार दाणा सापडला तो दाताखाली फोडून पाहिला. मग मला वर धरून जमलेल्या शेजाऱ्यांना दाखवत म्हणाला, "ह्याच्यातून खाल्लं तिनं. पंढरीचा हरभरा. दुसरं काही न्हाई खाल्लं."

मित्रांनो, माझ्यात विष नव्हते. मला ते ठाऊक होते, पण तोबऱ्याला फक्त तोंड बांधता येते, बोलता येत नाही.

तेवढ्यात बातमी ऐकून पंढरी स्वतःच आला. रिक्षा दारात सोडून तो आत धावला. "आधी उभी कर तिला! लोळू देऊ नको, आतड्याला पीळ पडंल. हळूहळू फिरव. मी डॉक्टरला घिऊन येतो."

"हात लावू नको तिला," वाजिद म्हणाला.

"आरं, येडा झालास का?"

"काल वीक म्हणालास. आज मरायला टेकली. म्हंजे सगळ्या पोरी तुझ्या रिक्षात."

पंढरी एक पाऊल मागे सरला. शेजारचे किराणा दुकानदार गुरुबसप्पा मध्ये पडले. "भांडणं मागून करा. आधी मीठपाणी पाजा. ओकली की ईष बाहेर पडंल."

वाजिदने बांबूची औषध पाजायची नळी काढली. बेगमबीने मिठाचे पाणी कालवले.

"पाजू नको!" पंढरी ओरडला. "घोड्याला वकता येत न्हाई, वाजिद. तुला ठाव हाय! लोळत्या जनावराला जबरीनं पाजलंस तर फुफ्फुसात जाईल."

हे अगदी खरे होते. घोड्याच्या जठराच्या तोंडाशी इतका घट्ट स्नायू असतो, की आत गेलेले अन्न बहुधा परत वर येतच नाही. जन्मभर घोड्यांबरोबर राहिलेल्या वाजिदला हे माहीत होते. पण संशयाने त्याचे ज्ञान झाकून टाकले.

"वकू नये, असंच तुला वाटतंय ना?" तो म्हणाला. "तू काय घातलंस ते बाहेर दिसंल म्हणून?"

त्या क्षणी योग्य सल्ला हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला. पंढरी जितके समजावी, तितका तो वाजिदला चोर वाटे. वाजिदने मैनेचे डोके मांडीवर घेतले आणि नळी तिच्या ओठांशी नेली.

"चाचा!"

दारात मुली उभ्या होत्या. दुपारच्या क्लासला टांगा आला नाही म्हणून पायीच पाहायला आल्या होत्या. पुढे होती धर्माबादची भार्गवी. तिने मैनेकडे पाहिले, नळीकडे पाहिले. शेजाऱ्यांनी तिला दोन शब्दांत सांगितले आणि तिला रडू फुटले.

"चाचा, काकांना काही बोलू नका. मी दिलं तिला."

"काय दिलंस?"

"कणीक. मेसमधली, रात्रीची उरलेली, गूळ घालून. पण एकच गोळा हो, एकच! मागच्या वर्षी एका ताईनं मैनेला गूळ भरवला होता, तिला मेडिकल मिळालं. म्हणून मी पण नव्या वर्षाला…"

मागून दुसरी हळूच म्हणाली, "मी पण दिला."

भार्गवी वळली. "तू? तू तर पेन विसरलं म्हणून टांग्याकडे गेली होतीस!"

"आणि तू पाणी प्यायला!"

"माझा गोळा मोठा होता," तिसरी पुटपुटली. चौथी, पाचवी आणि सहावी नुसत्याच रडू लागल्या.

मग सगळे उलगडले. वाजिद चहाला गेला असताना प्रत्येकजण काही ना काही निमित्त काढून वर्गातून बाहेर आली होती आणि मैनेला गुपचूप भरवून परत गेली होती. नवस सांगितला की फळत नाही. शिवाय दुसरीला कळले तर तीही भरवील आणि आपला नंबर मागे जाईल! सहा जणींनी एकमेकींपासून लपवले आणि रात्रभर आंबलेली कणीक एकट्या मैनेच्या पोटात जाऊन फुगत बसली.

वाजिदने नळी खाली ठेवली. त्याने मैनेचे डोके अलगद मांडीवरून उतरवले. मग तो म्हणाला, "पंढरी, रिक्षा काढ."

पंढरी लगेच डॉक्टरांना आणायला गेला. जनावरांचे डॉक्टर त्याच रिक्षातून आले. तोवर वाजिदने मैनेला उभे करून फिरवत ठेवले होते. डॉक्टरांनी तिच्या नाकपुडीतून लांब नळी थेट पोटात सोडली. आंबट फेस आणि वायू बाहेर पडला. मग त्यांनी तेल सोडले आणि म्हणाले, "मीठपाणी पाजलं असतंत, तर मी येईपर्यंत घोडी उरली नसती."

दिवेलागणीला मैनेने शेपूट उचलून मोठ्ठा वारा सोडला आणि मागोमाग लीद टाकली. एरवी मुली खो खो हसल्या असत्या. त्या दिवशी त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

बेगमबीने चहा केला. पंढरी उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"आत ये, बस," वाजिद म्हणाला.

"न्हाई. हितंच बरा हाय."

वाजिदने त्याच्यापुढे कप धरला. पंढरीने कपाकडे पाहिले, मग वाजिदकडे.

"आधी तू पी एक घोट," तो म्हणाला.

कोणी हसले नाही. वाजिदने एक घोट घेतला आणि कप पुन्हा पुढे केला. पंढरीने चहा घेतला, पण उभ्यानेच. तो घरात येऊन बसला, तेव्हा होळी होऊन गेली होती. तोवर रोज मैनेची चौकशी करायला मात्र यायचा, दारातूनच.

आता टांगा राहिला नाही. मैना म्हातारी होऊन गेली. बेगमबी माझ्यात लसूण ठेवते आणि माझ्या बुडाची भोके कशासाठी आहेत, हे तिच्या नातवंडांना ठाऊक नाही. मला त्याचे फार वाईट वाटत नाही. मला एवढेच सांगायचे आहे.

मित्रांनो, नव्या वर्षाला एखाद्या जनावराला काही द्यावेसे वाटले, तर जरूर द्या. पण आधी त्याच्या धन्याला विचारा आणि सगळ्यांसमोर द्या. ते काय खाते, किती खाते, आज त्याने काय खाल्ले आहे, हे ते स्वतः सांगू शकत नाही. विचारायची लाज वाटत असेल, लपवून द्यावेसे वाटत असेल, तर हात मागे घ्या. ती भेट त्या जनावरासाठी नाही, तुमच्या स्वतःसाठी आहे. आणि ते जनावर आजारी पडलेच, तर ते कोणी केले हे नंतर शोधा. आधी जो मदतीला धावून आला आहे, त्याला आत येऊ द्या.