फॅमिली बिलियर्ड हॉल, सानगडी

कृष्णरावांनी पिशवीतून लाल चेंडू काढून सरपंचांच्या टेबलावर ठेवला आणि तो लगेच घरंगळत कडेकडे निघाला. टेबलाचा एक पाय आखूड होता. ग्रामसभेत हशा पिकला. सरपंच ज्योत्स्नाताईंनी चेंडू हाताने अडवला आणि फिरवून फिरवून पाहिला.

"यानंच खेळतात का जी?"

"हो जी. लांब काठीनं मारायचा अन् कोपऱ्यातल्या जाळीत पाडायचा."

"अन् पैसे कोन जिंकते?" मागून कवडू म्हणाला. कवडूला कुठल्याही खेळातलं तेवढंच कळायचं.

"कोनीच नाही. पैसे लावून खेळायचंच नाही. दारू नाही, तंबाखू-खर्रा नाही. दुपारी बायका अन् लेकरं, संध्याकाळी बाकीचे. फॅमिली हॉल आहे."

हे वाक्य त्यांनी घरी पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. ऐकायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे ते बरं जमलं की नाही, हे आजच कळणार होतं.

कृष्णराव सानगडीचेच, पण जन्म गेला नागपूरच्या एका क्लबात. दुसऱ्यांसाठी चेंडू मांडायचे, दुसऱ्यांचे गुण मोठ्याने सांगायचे, टेबलावरच्या हिरव्या कापडाला ब्रश मारायचा. निवृत्त झाले तेव्हा क्लबने जुनं टेबल काढलं, ते त्यांनी मागून घेतलं आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. आता रोज एकटेच खेळत. गुणही स्वतःच मोठ्याने सांगत, मग खोली पुन्हा गप्प होई. कोणीतरी दारातून आत यावं, एवढ्यासाठी त्यांना ग्रामपंचायतीची परवानगी हवी होती. अर्जात मात्र त्यांनी 'क्रीडाप्रसार' असं लिहिलं होतं.

गोदावरीबाई उठल्या तशी सभा सरसावून बसली. गावातलं दारूचं दुकान याच बाईने बंद पाडलं होतं. आता जुगारावर बोलणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"फॅमिली म्हणता. तुमच्या घरी कोन कोन आहे?"

"मी आहे."

"अजून?"

"पोरगा पुण्याले आहे."

"अन् शकुन?"

कृष्णरावांनी सरपंचांच्या हातातल्या चेंडूकडे पाहिलं.

"शकुनले जाऊन आता वर्ष होते," गोदावरीबाई म्हणाल्या. "तिच्या तेरवीचं आवतन या गावात कोनाच्या घरी आलं? मोबाईलवर फोटो आला, हार घातलेला. तिच्यासंग आमी इतके धानाचे रोवणे केले, अन् आमाले फोटो."

त्या खाली बसल्या. ज्योत्स्नाताईंनी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि चेंडू परत दिला.

रागवायला कृष्णरावांना जागाच नव्हती. बाई खरं तेच बोलली होती. ते क्लबात होते तेवढी वर्षं त्यांची बायको शकुन इथेच राहिली. सासूसासऱ्यांचं केलं, पोरगा वाढवला, बांधावर बसून गोदावरीबाईंबरोबर शिदोरी खाल्ली. कृष्णराव गावचे असले तरी गाव शकुनचं होतं. दुखणं वाढलं तेव्हा ती नागपूरला आली, ती तिथेच गेली. पोराला रजा कमी होती, म्हणून सगळं तिथेच घाईघाईत उरकलं. गावाला सांगायचं राहिलं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. खरं म्हणजे गावात जाऊन कोणापुढे उभं राहायचं, तेच त्यांना ठाऊक नव्हतं. येणंजाणं सगळं तिचं.

घरी भिंतीला टेकून नवा रंगवलेला बोर्ड उभा होता. त्यांनी चेंडू मांडले आणि न खेळता पुन्हा पेटीत भरले.

सकाळी ते गोदावरीबाईंच्या अंगणात जाऊन उभे राहिले. बाई तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"शकुनच्या वर्षश्राद्धाचं आवतन घेऊन आलो," कृष्णराव म्हणाले. "पुढच्या आयतवारी. आपल्या घरीच."

"परवानगी पायजे म्हनून का?"



"घरून निघालो तवा त्याच्याचसाठी निघालो होतो."

"अन् आता?"

"आता तुमचं अंगन पाहून तिची याद आली. ती इथंच बसत असन."

गोदावरीबाईंनी सूप खाली ठेवलं.

"अजून कोनाकोनाले सांगितलं?"

"तुमालेच पहिले. आता घरोघरी जातो."

"बायकायले कोन सांगन? तुमी?" त्यांचा आवाज चढला. "मानसानं मानसाले सांगा लागते, बाईनं बाईले. घरातली बाई आल्याबिगर बायका जेवाले येत नाहीत. एवढंही ठाऊक नाही तुमाले?"

कृष्णरावांना ठाऊक होतं. तेही लहानपणी आईचं बोट धरून आवतन द्यायला गेले होते. पण घरातली बाई आता आणायची कुठून? ते वळले आणि फाटकापर्यंत गेले.

"थांबा जी."

बाईंनी हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि चपला घातल्या. त्यांच्याकडे न पाहताच त्या पुढे निघाल्या. शेजारच्या रंजूच्या दारात थांबून त्यांनी आत हाक मारली.

"रंजू, आयतवारी चूल पेटवू नको. शकुनच्या घरचं आवतन आहे."

कृष्णराव दोन पावलं मागे हात जोडून उभे होते.