दोनशे सतरा नंबरची काच

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ना, तीच. तुमच्या मधल्या बोटाएवढी लांब आणि आता पूर्ण रिकामी. खरं तर बोलायचंही त्राण नाही, पण एवढं सांगून मग गप्प बसेन.

काचेच्या मोठ्या तावातून मला कापलं, कडा घासल्या आणि पन्नासजणींच्या डबीत बसवलं. ती डबी कुष्ठरोगाच्या दवाखान्यात आली. तिथल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना सगळे मामा म्हणत. एका सकाळी मामांनी एका तरुण बाईच्या कानाची पाळी चिमटीत घट्ट धरली, पात्यानं बारीक चीर दिली आणि खरवडून आलेला द्रव माझ्यावर पसरला. मग मला ज्योतीवरून फिरवलं, रंगांत बुडवलं. निळ्यावर लाल काड्या दिसल्या. तेच जंतू. बाईंना औषधं सुरू झाली आणि त्यांनी ती नेमानं पूर्ण केली.

मामांची एक सवय होती. कागदी चिठ्ठी लावण्याआधी ते हिरकणीच्या, म्हणजे हिऱ्याचं टोक असलेल्या लेखणीनं, काचेवरच नंबर कोरत. माझा नंबर २१७. बाकीचे हसत.

"मामा, शिलालेख कोरताय का?"

"कागद गुपचूप गळतो रे. काच पडली तर निदान आवाज तरी करते."

नंतर दहा वर्षं मी लाकडी पेटीच्या खाचेत उभी होते. झुरळांनी डिंक खाल्ला, चिठ्ठ्या गळून तळाशी पडल्या, माझा लाल रंग फिका झाला. कोणी विचारलं नाही. उभं राहून राहून मी थकले.

मग त्याच बाई परत आल्या. या वेळी भाचीला घेऊन. अकरा वर्षांची ती, दंडावर फिकट चट्टा, टोचलं तरी कळत नव्हतं.

"मीच दिलं हिला," आत्या म्हणाल्या. "तान्ही होती तेव्हा सारखी माझ्या कडेवर असायची. आता मी मागच्या खोलीत राहते."

"आत्या माझी वेणीपण घालत नाही," मुलगी म्हणाली.

प्रयोगशाळेत नव्यानं आलेली संशोधक ताई म्हणाली, "अहो, तुमचे उपचार झालेत. तुमच्यापासून कोणाला धोका नाही."

"ते आत्ताचं झालं. मी तेव्हाचं बोलतेय."

ताईनं तेव्हाचंच तपासून बघायचं ठरवलं. हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता येत नाही. पण त्याच्या जनुकीय मजकुरात काही ठिकाणी तीच अक्षरं पुन्हापुन्हा येतात आणि किती वेळा येतात ते मोजून जंतूंचे वंश वेगळे ओळखता येतात. मुलीचा नमुना हाताशी होता. आत्यांचा जुना कुठून आणायचा?

जुन्या नोंदवहीत आत्यांच्या नावापुढे २१७ लिहिलेलं सापडलं, पण पेटी उघडली तर एकाही काचेवर चिठ्ठी नाही. ताईनं कपाळावर हात मारला. मामांनी एकेका काचेची कड पुसून ती उजेडात तिरकी धरली. चाळिसाव्या खेपेला माझी पाळी आली. "दोनशे सतरा. घ्या."

ताईनं माझ्यावरचा सगळा थर खरवडून नळीत घेतला. दहा वर्षं सांभाळलेलं मिनिटभरात गेलं. मला वाईट वाटलं नाही, फक्त हलकं वाटलं.

पुढच्या आठवड्यात दोघी आल्या.

"एका जागी तुमच्या जंतूत चौदा आवर्तनं, हिच्या जंतूत नऊ," ताई म्हणाली. "दुसऱ्या जागी एकवीस आणि अकरा. आणखीही जागा जुळत नाहीत. दोनदा तपासलं. एखादा आकडा इकडेतिकडे होतो, इतके होत नाहीत. हिचा आजार तुमच्याकडून आलेला नाही."

"मग कोणाकडून?"

"ते मला माहीत नाही. जुळले असते तरी तुम्हीच दिला असं छातीठोक म्हणता आलं नसतं. पण वेगळे आहेत, हे नक्की. आणि ही औषधांनी बरी होणार आहे."

आत्या भाचीकडे वळल्या. म्हणाल्या, "इकडे ये गं. केस बघ कसे झालेत."

त्यांच्या दोन बोटांना स्पर्श कळत नव्हता. वेणी वाकडी झाली.

"आत्या, ओढू नकोस."

"हलू नकोस मग. रबर दे."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर नाव-नंबर नीट, टिकेल असं घाला आणि न बघता ती फेकू नका. आजारी माणसाला मागच्या खोलीत ढकलू नका. तो स्वतः जायला निघाला, तर त्याला हाताला धरून परत आणा. दरवेळी माझ्यासारखी काच सापडेलच असं नाही.