थांबवून ठेवलेली ओळ

त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना मालकीणबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळे तात्या म्हणत. त्यांच्या हाताखालच्या मुलीला कामाला लागून चार वर्षं झाली तरी 'नवी'च म्हणत. तात्यांना आपल्या मशीनचा भारी अभिमान. "पंधरा वर्षांत रुसलं नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला, न विचारता, सांगत.

गेल्या वर्षी ते रुसलं. एके दिवशी महिन्याचे अपडेट नवीने केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही शाखांचे रिपोर्ट उघडले ते कोरे. काउंटरवर माणसांची रांग लागली, मालकीणबाई डॉक्टर असूनही पाचावर धारण बसल्यासारख्या फिरत होत्या. तात्यांनी संध्याकाळपर्यंत जुन्या बॅकअपवरून सगळं पूर्वपदावर आणलं. काय झालं होतं, असं बाईंनी विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, "घाई झाली तिच्याकडून."

ते खोटं होतं, आणि बोलताना त्यांना ते माहीत होतं. गडबड कशाची ते त्यांना त्याच संध्याकाळी तीन मिनिटांत सापडलं होतं. फार पूर्वी एका अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला, म्हणून त्यांनी डेटाबेसच्या, म्हणजे रिपोर्ट साठवणाऱ्या, प्रोग्रॅमला 'अपडेट करू नये' अशी खूण लावली होती. दुपारपुरती. ती काढायची राहून गेली. बाकीचं सगळं पुढे सरकत राहिलं, हा एकटा मागे बसला, आणि नवीने अपडेट केलं तेव्हा त्याचं आणि बाकीच्यांचं जमेनासं झालं. बॅकअपबरोबर ती खूणही जागच्या जागी परत आली. तात्यांनी मूग गिळले. नवीची बदली काउंटरवर झाली, रक्ताच्या नळ्यांना नावांच्या चिकटपट्ट्या लावायला. घरी बायकोने नवऱ्याचा पराक्रम माहेरपर्यंत पोचवला. मेव्हण्याने फोनवर पाठ थोपटली, तेव्हा तात्यांचे कान तापले होते.

त्यानंतर तात्यांनी अपडेटचं नावच काढलं नाही. वर्षभर मशीन तसंच. प्रयोगशाळेची पाहणी करायला आलेल्या अधिकाऱ्याने त्यावर ताशेरे ओढले, आणि बाईंनी उपाय विचारला तर तो सुचवला नवीने. चिकटपट्ट्या लावता लावता ती शिकत होती म्हणे. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीमच बदलायची. नव्या सिस्टीममध्ये मशीनवर काय काय असावं ते एकाच फाइलमध्ये लिहून ठेवायचं. अपडेट बिघडलं तर मशीन पुन्हा सुरू करायचं आणि कालची प्रत निवडायची, बस. प्रत्येक ओळीपुढे ती कोणी आणि का लिहिली ते नोंदवायचं, आणि प्रत्येक बदल बाईंच्या ईमेलवर. तात्यांनी मीटिंगमध्ये नाक मुरडलं. कोणी लक्ष दिलं नाही.

सोमवारी दोघं सर्व्हरच्या खोलीत शेजारी शेजारी बसली. पहिलं काम जुन्या मशीनवरच्या प्रोग्रॅमची यादी काढण्याचं. आदल्या शुक्रवारी ती खूण पुसायला तात्या मुद्दाम थांबले होते, कीबोर्डवर हातही ठेवला होता, आणि स्वतःचीच इतकी किळस आली की तसेच घरी गेले. पुसली नाही, पण सांगितलंही नाही.

नवीने यादी खाली सरकवली आणि थांबली.

"हे थांबवून ठेवलंय," ती म्हणाली. यादीत तारीख नव्हती, नाव नव्हतं. "म्हणून झालं तर. काहीतरी करून बघताना ही खूण माझ्याकडूनच लागली असणार. सॉरी तात्या, तुम्हाला तेव्हा केवढा त्रास झाला."

तात्यांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. गप्प बसले असते तर प्रकरण कायमचं मिटलं असतं. पोरीने स्वतःच्या हाताने मिटवून दिलं होतं. नेमकं तेच त्यांना सोसवेना.

"तू नाही," ते म्हणाले. "मी लावली होती."

नवीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. नव्या फाइलमध्ये तिने एक ओळ उघडली आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. तात्यांनी लिहिलं: डेटाबेसचं अपडेट मी थांबवलं होतं, प्रिंटरसाठी. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, जे तिथे कोणी कधी घेत नसे.

"तारीख?"

आठवत नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दुपारी थोरली मुलगी बाळंत झाली, तात्या खूण लावून तसेच दवाखान्यात धावले होते. नातीचा वाढदिवस ते कसे विसरतील? त्यांनी तारीख घातली. नात आता पाच वर्षांची आहे.

नवीने तारीख वाचली. "मी तेव्हा इथे कामाला लागलेही नव्हते."

"नव्हतीस."

तिच्या अंगठ्याला अजून चिकटपट्टीचा गोंद होता, तो ती नखाने काढत बसली.

"आणि हे तुम्हाला कळलं कधी? आत्ता, की त्याच दिवशी?"

तात्यांची मान वर होईना. "त्याच दिवशी. संध्याकाळी."

"मग तेही लिहा," नवी म्हणाली.