बाईसाहेबांना जेवू घालणारा

माझी थोरली मुलगी लग्न होऊन सासरी गेली, त्या वर्षी माझी भावजय क्षयाने अंथरुणाला खिळली. मुलीला निरोप दिला आणि तशीच धाकट्या भावाच्या घरी गेले. चार दिवसांसाठी म्हणून गेले होते, ती तिथलीच झाले.

धाकटा क्षयावर नवी औषधं शोधणारा शास्त्रज्ञ. दिवसभर ज्या रोगाशी झुंजायचा, तोच त्याच्या घरात शिरला होता. होती नव्हती ती सगळी औषधं देऊन झाली, एकही लागू पडलं नाही. शेवटी शेवटी भावजय पांघरुणांच्या ढिगाखालीही कुडकुडायची. "वन्सं, अजून एक घाला हो," म्हणायची. मी माझी शाल घालायची, धाकटा त्याचा कोट घालायचा, तरी तिचे दात वाजायचे थांबत नसत. पानगळ संपायच्या आत ती गेली.

ती गेली, पण तिच्या छातीतले जंतू राहिले. धाकट्याच्या गुरूंनी ते तिच्या थुंकीतून वाढवले होते. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू म्हणजे शास्त्रज्ञांना सोन्याहून पिवळे. नवं औषध तयार झालं की आधी त्यांच्यावर घालून बघायचं. प्रयोगशाळेतली माणसं त्या जंतूंना 'बाईसाहेब' म्हणायची. ते कुणाच्या छातीतले, हे नव्या पोरांना ठाऊक नव्हतं.

"काय, आज बाईसाहेब काय म्हणतात?"

"म्हणतात, हे काय सरबत पाठवलंय, अजून एक पेला आणा!"

पोरं हसायची. धाकटाही हसायचा. मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

हे जंतू अंडी फेटून केलेल्या हिरवट खळीवर, काचेच्या नळीत वाढतात. खळ सुकत आली की चिमूटभर जंतू नव्या नळीत घालावे लागतात. अंडी औषध न खाल्लेल्या कोंबड्यांची लागतात; ती शोधून आणायचं काम माझ्याकडे आलं. "घरच्यांना सांजा नि जंतूंना अंडी," मी म्हणायची. सुट्टीच्या दिवशी धाकटा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून निघायचा. "ताई, जाऊन येतो. तिला जेवू घालायचंय."

परत आला की सांगायचा, "बरी आहे. छान वाढलीय."

एकदा माझा तोल सुटला. "अरे, ज्याने तिला खाल्लं, त्यालाच तू तिच्या नावाने जेवू घालतोस? तुला काही कळतं का?"

तो बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "तिच्यातलं जिवंत असं दुसरं काय उरलंय, ताई?"

त्या घरात मी एकटी असले की मला आतल्या खोलीतून खोकला ऐकू यायचा. मी उठून बघायला जात नसे. आत कोणी नाही हे मला माहीत होतं, आणि ऐकू येतंय हेही माहीत होतं.

अशी वर्षं गेली. औषधामागून औषध बाईसाहेबांपुढे हरलं. धाकट्याचे केस पांढरे झाले आणि मग एक औषध जिंकलं. औषध घातलेल्या नळ्या कोऱ्याच राहिल्या. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा कोऱ्या. मोठे मोठे लोक येऊन त्याची पाठ थोपटून गेले. ज्यांना कुठलंच औषध उरलं नव्हतं, अशा रुग्णांना ते द्यायचं ठरलं. इस्पितळात खाटा राखून ठेवल्या गेल्या. धाकटा मात्र घरात सुतक असल्यासारखा वावरत होता.

त्याची एक विद्यार्थिनी होती. फार प्रश्न विचारायची म्हणून तो तिला 'शंकासुर' म्हणायचा. ती एका दुपारी घरी आली आणि पाण्याचा पेला हातात घेऊन उभीच राहिली.

"आत्या, तुम्हीही ऐका. सर माझं ऐकत नाहीत."

"बस तरी आधी."

"सर, मोठ्या सरांनी बाईसाहेबांची एक कुपी पहिल्याच वर्षी गोठवून ठेवली होती. मला ती सापडलीय. औषध तिच्यावर एकदा बघू या का?"

"कशाला?" धाकटा खेकसला. "नळीतली काय वेगळी आहे?"

"असेल. इतकी वर्षं आयतं खाऊन, औषधाचं तोंड न बघता वाढलीय. नळीतल्या नळीत जंतू बदलतात, मवाळ पडतात, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. दरवेळी गोठवलेल्यातून काढायचं, असंही शिकवलंत. मग तुम्हीच बाईसाहेबांना का नाही गोठवलं?"

धाकटा माझ्याकडे वळून, लहानपणी चूक सांगायचा त्या आवाजात म्हणाला, "ताई, तिला थंडी वाजायची गं."

शंकासुर खाली बसली. तेव्हा तिला कळलं, बाईसाहेब कोण ते.

"उघडायची तर मीच उघडीन," धाकटा म्हणाला.

जंतू वाढायला आठवडे लागतात. तेवढे दिवस तो जेवायला बसायचा आणि ताट तसंच सारायचा. त्याला काय व्हायला हवं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. औषध खरं ठरलं तर माणसं वाचणार होती. खोटं ठरलं तर त्याचा सगळा जन्म वाया, पण ती होती तशी कुपीत होती.

औषध घातलेल्या सगळ्या नळ्यांत जंतू उगवले. पिवळट, खरखरीत, भरघोस.

त्याने त्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की औषध चालत नाही, रुग्णांना देऊ नका, चूक माझी आहे. राखलेल्या खाटा सोडून दिल्या. पाठ थोपटणारे पांगले. धाकटा दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी खऱ्या बाईसाहेबांवर.

पण हाताला जुनी सवय होती. नळीतल्या मवाळ जंतूंशी तो घरच्यासारखा वागायचा. तोंडावरची पट्टी गळ्यात उतरवून ठेवायचा, वाकून जवळून बघायचा. शंकासुर ओरडायची, "सर, पट्टी!" तो म्हणायचा, "अगं, आमची जुनी ओळख आहे." कुपीतून उठलेलीने ती ओळख मानली नाही.

थंडीत खोकला सुरू झाला. या वेळी तो आतल्या खोलीतून खरोखर येत होता, आणि मी उठून जात होते. तपासणीत जंतू निघाले ते भावजयीच्याच छातीतले. औषधं सगळी देऊन झाली. निकाल आम्हा तिघांनाही आधीच ठाऊक होता.

शंकासुर एकदा तोंड बांधून खाटेशी उभी राहिली. काही विचारायला आली होती. धाकट्यानेच विचारलं, "माझ्यातले वाढवलेस?"

"हो, सर."

"मग गोठव. आजच गोठव. आणि जेवू घालत बसू नकोस."

माझा धाकटा भाऊ, माझी थोरली नात कॉलेजात जायला लागली त्या वर्षी, उन्हाळा लागताना, सोमवारी सकाळी क्षयाने वारला. औषध अजून सापडलेलं नाही.