सुसंवाद

गुरुदत्त सरांनी पस्तीस वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर फेसबुकवर 'सुसंवाद' नावाचा गट काढला. राजकारणावर बोलायचं, पण माणसासारखं, एवढीच त्यामागची कल्पना. शिवी नाही, अरेतुरे नाही, जातीधर्मावर घसरणं नाही. बघता बघता ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची अकरा हजार माणसं गटात जमली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांचे कार्यकर्ते तिथे 'सविनय असहमत' असं लिहून भांडायचे आणि सरांना ते वाचून भरून यायचं. सकाळच्या चहाबरोबर ते आदल्या दिवशीच्या प्रतिक्रिया तपासायला बसत. नीलाताई, त्यांच्या पत्नी, म्हणत, "शब्द तपासता तुम्ही. तो माणूस म्हणतोय काय, ते कधी वाचता का?"

गटातला त्यांचा सगळ्यात लाडका सभासद म्हणजे सलिल. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता घोडबंदर रोडला राहणारा, आयटीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडायची नाही आणि कितीही वाद पेटला तरी आवाज चढायचा नाही. सर इतरांना त्याचं उदाहरण देत.

महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या तसा ठाण्याजवळच्या दिवा या उपनगरातल्या पाण्याचा विषय गटात निघाला. संचिता नावाच्या मुलीने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. ती दिव्याला राहायची, ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची. आमच्या बिल्डिंगला चार दिवस पाणी नाही, लिफ्ट बंद आहे, आई हंडा घेऊन जिना चढताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. मत मागायला येणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

लोकांनी हळहळ व्यक्त केली. मग सलिलने लिहिलं, 'आपल्या आईंना लवकर बरं वाटो. तथापि, नम्रपणे विचारावंसं वाटतं. अनधिकृत इमारतीत स्वस्त म्हणून घर घ्यायचं आणि इतरांच्या वाट्याचं पाणी मागायचं, ही एक प्रकारची चोरीच नव्हे का? चोरीचं पाणी वाहताना कुणी पडलं, तर दोष कुणाचा?'

त्याला अडीचशे अंगठे मिळाले. संचिताने लिहिलं, आम्ही टॅक्स भरतो, पावत्या आहेत. सलिलने विचारलं, 'मग एव्हाना तक्रार करून नळ का नाही घेतला? आईंना हंडा उचलायला लावण्यापेक्षा ते सोपं नव्हतं का?' तिने परत समजावलं. त्याने परत, तितक्याच शांतपणे, विचारलं. चौथ्या खेपेला तिचा तोल गेला. तुझी आई अशी पडायला हवी होती, मग बघितलं असतं कसा लिहितोस, असं तिने लिहिलं, आणि शेवटी एक शिवी घातली, जी सरांच्या तोंडून आयुष्यात कधी निघाली नव्हती.

सकाळी सरांनी ती शिवी वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला. संचिताला गटातून काढलं, अख्खी चर्चा पुसून टाकली आणि निवेदन लिहिलं : 'काल चर्चेने पातळी सोडली. संबंधित सभासदाला वगळलं आहे. श्री. सलिल यांनी दाखवलेल्या संयमाबद्दल आभार.'

पंधरा दिवसांनी, एका दुपारी, दारात एक मुलगी उभी राहिली. खांद्याला ऑफिसची बॅग, चेहरा ओढलेला.

"सर, मी संचिता. तुम्ही मला ग्रुपमधून काढलेलं."

नीलाताईंनी तिला आत घेतलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "त्या सलिलने माझ्या कॉमेंटचा फोटो काढून लॅबला मेल केला. अशा मनोवृत्तीच्या व्यक्तीच्या हाती पेशंटचं रक्त सोपवणं कितपत सुरक्षित, याचा आपण विचार करावा. असं लिहिलंय त्याने. सोमवारपासून मला कामावरून बंद केलं." तिने ग्लास खाली ठेवला. "मी शिवी दिली, ते चुकलंच. पण सर, त्याच्या आधी तो काय काय बोलला ते त्यांना दाखवायचंय. आणि ते सगळं तुम्ही पुसलंत."

सर उठून कंप्युटरपाशी गेले. शोधलं, पण पुसलेलं काही परत येईना. मग त्यांनी कागद घेतला आणि गटाचा संचालक या नात्याने पत्र लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं होतं. संचिताने ते उभ्यानेच वाचलं.

"'दोन्ही बाजूंनी संयम सुटला', असं लिहिलंय तुम्ही."

"वस्तुनिष्ठ वाटायला हवं ना."

"त्याचा कुठे सुटला, सर? त्याचा सुटला असता तर मी एवढी चिडलेच नसते."

तिने पत्र टीपॉयवर ठेवलं. सर म्हणाले, "दोन दिवस थांब. मी सलिलशी बोलतो. माझा विद्यार्थी आहे तो, ऐकेल माझं."

सलिल बाविसाव्या मजल्यावर राहत होता. दार उघडताच त्याने वाकून नमस्कार केला. त्याच्या बायकोने, वल्लरीने, कॉफी आणली. सरांनी विषय काढला.

"सर, यात वैयक्तिक काहीच नाही," सलिल म्हणाला. "मी फक्त माहिती दिली. निर्णय त्यांचा."

"तिची आई पडली होती रे."

"मी आधी सदिच्छाच दिल्या होत्या ना, सर."

"तू तिला चोर म्हणालास."

"मी प्रश्न विचारला. प्रश्नचिन्ह होतं शेवटी." तो हसला, अगदी मनमोकळं. "आणि तुम्हीही तेच ठरवलंत की. तुमचं निवेदन मी मेलला जोडलं होतं. लॅबवाल्यांना त्याचाच जास्त उपयोग झाला, असं त्यांनी कळवलंय."

सरांना वाटलं, याला काहीतरी बोलायला हवं, आत्ता, इथे. शब्दांची त्यांना कधी वाण नव्हती. पण जो शब्द हवा होता तो त्यांच्याकडचा नव्हताच. ते कॉफी प्यायले. निघताना वल्लरीला "छान झाली होती हो" असंही म्हणाले. खाली आल्यावर स्वतःचेच ते शब्द त्यांना आठवत राहिले. रस्ता गाड्यांनी तुंबला होता, रिक्षा मिळायला अर्धा तास गेला.

घरी येऊन त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. सलिलची वाक्यं आठवतील तशी उतरवली, आणि खाली लिहिलं की ही भाषा सभ्य दिसत असली तरी क्रूर होती, मला ती त्या वेळी दिसली नाही, आणि माझ्या निवेदनामुळे एका मुलीवर अन्याय झाला. तेच गटावरही टाकलं. दोन तासांत तीनशे उत्तरं आली. 'सरांबद्दल आदर राखून', 'वयोमानाप्रमाणे सर भावनिक झालेत', 'तरीही शिवीचं समर्थन होऊ शकत नाही'. एकानेही वावगा शब्द वापरला नव्हता. सर एकेक वाचत गेले आणि शेवटी त्यांनी गटच सोडला. आठवडाभरात सलिल गटाचा संचालक झाला.

पत्र घेऊन ते स्वतः लॅबमध्ये गेले. ऐश्वर्या नावाच्या मॅनेजर बाईंनी ते पूर्ण वाचलं, दोनदा मान हलवली.

"सर, तुम्ही एवढे आलात, वाईट वाटतं. पण त्या जागी आम्ही दुसरी मुलगी घेतली. पंधरा दिवस आधी हे लिहिलं असतंत तर..."

ते सांगायला सर दिव्याला गेले. चार मजले चढताना दोन ठिकाणी थांबावं लागलं. आत शेवंती, संचिताची आई, भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती. संचिताने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, रागावलीही नाही.

"इथल्याच एका छोट्या लॅबमध्ये लागलेय मी," ती म्हणाली. "सध्या अर्धा दिवस. बघू."

"तू परत गटात ये, असं तर मी म्हणू शकत नाही आता. पण कुठे काही लिहून द्यायचं असेल, तर..."

"नको, सर." तिचा आवाज मऊच होता. "आता मी कुठेच काही लिहीत नाही. पाण्याचं पण नाही."

तिचे वडील, धोंडीबा, सरांना सोडायला खाली आले. मूळचे साताऱ्याकडचे, वॉचमनची नोकरी करणारे. सरांचा हात धरून त्यांनी त्यांना एकेक पायरी उतरवलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "तो सलिल तुमच्याच हाताखाली शिकला म्हणं?"

"हो."

"लय झ्याक लिहितो म्हणं. पोरगी सांगत हुती, एक शब्द वाकडा न्हाई."

सरांना वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. त्यांनी वळून पाहिलं. धोंडीबांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. होती ती खंतच.

"आमची संचिता पहिल्यापास्नं निबंधात कच्ची," ते म्हणाले. "शाळेत बाई सारख्या सांगायच्या. आम्हीच ध्यान दिलं न्हाई."