नवसीचा दर

"एकशे एक रुपये," नवसी म्हणाली, आणि शेठ आता उठून जाईल याची वाट बघत बसली.

निर्वासितांच्या कॅम्पातून आलेला तो सिंधी शेठ उलट खूश झाला. "ठीक है बाई. सस्तेवाले तीन बुलाये, तिन्ही गड्ढे सुखे. कल मोटार भेजता."

नवसीने कपाळावर हात मारला.

ती पायाळू. आईच्या पोटातून पायांनी बाहेर आलेली. म्हणून खरवईपासून वांगणीपर्यंत कुठे विहीर खणायची झाली की लोक तिला अनवाणी रानभर चालवत. तळवे गार पडले की तिथे पाणी. मोबदला एक नारळ आणि पायलीभर तांदूळ. पण गेली दोन-तीन वर्षे पायांत चढलेला गारठा उतरेना. आधी बोटे बधिर झाली, मग घोटे. एकदा चुलीतला निखारा पावलावर पडला, तर तिला तो वासाने कळला.

पायाळूने पाण्याला नाही म्हणू नये, अशी रीत. तेव्हा नवऱ्याने, सुकऱ्याने, युक्ती काढली. "दर येवढा सांग का मानूस दारातनंच माघारी फिरंल."

युक्ती कसली, फासच तो. पाच रुपये सांगितले तर बागायतदार आले, पंचवीस म्हटल्यावर कंत्राटदार. एक्कावन्न झाले तेव्हा अंबरनाथच्या कारखान्याचा साहेब टोपी काढून बोलला. नारळावर काम करायची तोवर ती अडाणी बाई होती; महाग झाली तशी जाणती ठरली. माणसांच्या या तऱ्हेचे मला हसू येते आणि रागही येतो.

शेठच्या जागेत वीस हातांवर पाणी लागले. त्या दिवसापासून नवसीला गुडघ्याखाली पाय नव्हते, दिसायचे तेवढेच.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या पाड्यावरची चंदरची बायको तुळशी कुंपणाशी येऊन उभी राहिली. कपाळ मोकळे होते. नवसी चरकली.

"चंदर कुठं गं?"

"इहीर खणताना दरड आली त्याच्यावर. वर काढताच नाय आला घोवाला. वरनंच माती लोटली."

"मना का नाय बोलावलंस?"

"तुझा दर ऐकला व्हता. म्हून अंदाजानंच खणली." तुळशी थांबली. "पन पानी तं पायजेच. तू सांगशील तो दर पाडा राबून फेडंल."

बोलण्यात टोमणा नव्हता. तेच नवसीला सोसेना.

"मना उचला," ती सुकऱ्याला म्हणाली. "चंदरच्या इहिरीवर न्या."

सुकऱ्याने तिला पाठुंगळीला घेऊन पाडा गाठला. बुजवलेल्या मातीवर काखेत हात घालून तिला उभी धरली. बराच वेळ काही झाले नाही. मग मेलेल्या तळव्यांना कळले. गारठा नव्हता. खालून कोणीतरी आपले दोन तळवे तिच्या तळव्यांना टेकवले होते, आणि ते ऊबदार होते.

"पानी हाय का गं?" तुळशीने विचारले.

सुकऱ्याचे हात भरून आले. "चल आता," तो म्हणाला.

तिने पाय उचलू दिले नाहीत.